जालन्यातली पंधरा दिवसांची जर्मनी

किस्से ठरवून गोळा होत नाहीत. घरात एखादं काम निघतं, चार जण त्यात हात घालतात, आणि काम उरकून बघावं तर कामापेक्षा किस्सेच जास्त झालेले असतात! आमच्या आष्टीच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तर त्यांना जागा पुरत नाही. पाच खुर्च्या, त्यातली एक मोडकी, कोपऱ्यात गळका माठ, आणि मधली सुट्टी झाली की कुणाच्याही घरचा प्रश्न सगळ्यांचा!

गेल्या वर्षी प्रश्न माझ्या घरचा होता. माझी प्रज्ञा, एकुलती एक, मातीचं शास्त्र शिकायला दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाली. स्कॉलरशिप मिळाली, व्हिसा आला, मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पेढा तोंडात टाकत जाधव सर म्हणाले, "मॅडम, कागदं तर झाले. पण पोरगी तयार आहे का?"

"तयार म्हणजे?"

"भाकरी येती का? ताप आला तर कोणती गोळी घ्यायची, माहिती आहे का? एकटी ऱ्हायली का कधी?"

तिन्ही उत्तरं 'नाही' होती. परभणीला शेतकी कॉलेजात चार वर्षं काढली, पण तीही मावशीच्या घरी, आयत्या ताटावर. पेढा माझ्याच घशात अडकला.

तिथून सुरू झालं. जाधव सर गणित शिकवतात आणि गॅदरिंगची नाटकं बसवतात, म्हणजे हुकूम सोडायची सवय. शेख मॅडम हिंदी शिकवतात आणि माझ्या जिवाभावाच्या. आणि कौसाबाई शाळेची खिचडी शिजवतात; त्यांना स्टाफरूममध्ये खुर्ची नाही, पण शेवटचा शब्द त्यांचाच. या तिघांनी माझ्या पोरीला परदेशासाठी तयार करायचा विडा उचलला.

यात एकच माणूस कुठं नव्हता. आमचे खरात, म्हणजे प्रज्ञाचे बाबा. ते एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर, आष्टी ते जालना. माणूस मुळातच मोजकं बोलणारा, पण या विषयावर तर तोंडाला कुलूपच! जिथं सही पाहिजे तिथं सही केली, जिथं जायचं तिथं सोबत गेले. पण 'जा' म्हणाले नाहीत. 'जाऊ नको' असंही नाही. प्रज्ञा एकदा पीठ चाळता चाळता मला म्हणाली, "आई, मला बाबांकडून दुसरं काहीच नको गं. एकदा तोंडानं 'जा' म्हणावं त्यांनी. ते म्हणल्याशिवाय माझा पायच निघायचा न्हाई." मी म्हटलं, म्हणतील की. पण मलाही खात्री नव्हती.

*

पहिला किस्सा जॅकेटचा.

मे महिना. जालन्याच्या बाजारात भर दुपारी आम्ही चौघं डोक्याला रुमाल बांधून दुकानात शिरलो आणि मी म्हटलं, "जाड जॅकेट दाखवा." दुकानदारानं आमच्याकडं पाहिलं, पोऱ्याला हाक मारली आणि म्हणाला, "ताई, बसा. आधी पाणी घ्या. ऊन लागलं तुम्हाला!"

शेवटी माळ्यावरून एक काढून दिलं. पण ते खरंच ऊबदार आहे की नाही, हे मे महिन्यात कसं कळणार? जाधव सर म्हणाले, "टेस्ट घेतल्याबिगर माल घ्यायचा न्हाई." त्यांचा एक मित्र बियाणांच्या गोदामात कामाला. जालन्यात बियाणं साठवायला मोठाल्या गार खोल्या असतात, तुम्हाला माहीतच आहे. निघाली वरात तिकडं!

प्रज्ञा जॅकेट घालून आत निघाली. शेख मॅडम म्हणाल्या, "अकेली कैसे जाएगी बच्ची?" आणि दोन ओढण्या गुंडाळून तिच्या मागं गेल्या. पाच मिनिटांत बाहेर! दात कडकड वाजत होते. म्हणाल्या, "मेरे से नै होता बाई!" मग बाहेरची झळ तोंडावर आली तशा पुन्हा दाराकडं वळल्या आणि वॉचमनला विचारायला लागल्या, "भैया, इधर मई भर के लिए एक खाट मिलेगी क्या?"

प्रज्ञा मात्र येईना. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मला राहवेना, मी दार ठोकायला लागले. वॉचमन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "कामून घाबरून राह्यल्या मॅडम? बियाणं वर्ष वर्ष आत ऱ्हातं. उगवणशक्ती जात न्हाई. पोरीला काय होतंय!"

सगळे हसले, मीही हसले. येताना जॅकेटची पिशवी मी मांडीवर घेतली होती. ती अजून गार लागत होती, आणि मला एकदम लई वाईट वाटलं. दोन हिवाळे हिनं तिथं काढायचे, आणि माझी गोधडी इथं घडी करून ठेवलेली असणार.

*

स्वयंपाकाचं खातं कौसाबाईंकडं गेलं. माझ्याकडून पोरगी शिकेना, कारण मी दोन मिनिटं बघायचे आणि "सर बाजूला!" म्हणून लाटणं ओढून घ्यायचे. माझा स्वभावच तसा, काय करणार!

कौसाबाईंची खिचडी म्हणजे शाळेची हजेरी टिकण्याचं खरं कारण. पण अडचण अशी की त्यांना प्रमाण फक्त दीडशे लेकरांचं माहीत! "पंधरा किलो तांदूळ, तीन किलो डाळ, मिठाच्या ओंजळी अमक्या, हिंग दोन चिमूट." प्रज्ञा वहीत उतरवून घेत होती. म्हणाली, "मावशी, एकीसाठी सांगा ना."

"एकीसाठी मी कधी रांधलंच न्हाई, तर काय सांगू?"

जाधव सर खडू घेऊन उठले. फळ्यावर सगळ्याला भागिले दीडशे! तांदूळ शंभर ग्रॅम, डाळ वीस ग्रॅम. सातवीचा वर्ग दाराशी उभा राहून बघत होता. सगळं बराबर निघालं, घोडं हिंगाशी अडलं. दोन चिमूट भागिले दीडशे म्हणजे किती? सर कपाळाला हात लावून उभे. कौसाबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं! हिंगाचा डबा उघडायचा, पातेल्याला दाखवायचा, अन् झाकायचा!"

खिचडी झाली, चांगली झाली. प्रज्ञानं पहिला घास कौसाबाईंना दिला. त्यांनी खाल्ला आणि तिचं मनगट धरून म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव बेटा. एकटीपुरतं कधी रांधू नको, ते गोड लागत न्हाई. दोघींचं करायचं, अन् मंग दुसरीला हुडकत फिरायचं. मिळती कुणीतरी."

पोरीनं तेही वहीत लिहून घेतलं, जिऱ्याच्या खाली.

*

जुलै उजाडला आणि जाधव सरांनी फर्मान काढलं. "तालमीबिगर आपण नाटकाचा पडदा वर करतो का? मंग जर्मनीची तालीम नको?"

म्हणजे काय, तर प्रज्ञानं पंधरा दिवस जालन्यात एकटीनं खोली घेऊन राहायचं. जालना म्हणजे जर्मनी समजायचं! शेख मॅडमच्या ओळखीच्या एक मावशी होत्या, त्यांच्या माडीवरची खोली मिळाली. सरांनी चार्ट पेपरवर नियम लिहिले. भेटायला कुणी जायचं नाही. फोन दिवसातून एकदा, दहा मिनिटं. स्वयंपाक, धुणं, दवापाणी तिचं तिनं बघायचं. आणि तिकडचे कायदे इकडं लागू.

आता तिकडं म्हणे रविवारी दुकानं बंद असतात. प्रज्ञाला शनिवारी हे लक्षात राहिलं नाही, आणि रविवारी सकाळी बघते तर मीठ संपलेलं. खाली किराणा दुकान, भलं मोठं, सताड उघडं! घरमालकीण मावशी म्हणाल्या, "अगं, जा की. घेऊन ये."

"न्हाई मावशी. आज बंद आहे."

"बंद? मला इथून दिसून राह्यलं ना उघडं!"

"जालन्यात उघडं आहे. जर्मनीत बंद आहे."

मावशींनी दार लोटून घेतलं आणि शेख मॅडमना फोन लावला. "पोरगी चांगल्या घरची आहे हो, पण तिला एकटं ठेवू नका. डोक्यावर परिणाम झाल्यावानी बोलून राह्यली!"

तिकडं प्रज्ञानं जाधव सरांना फोन लावून विचारलं, शेजारणीकडं मीठ मागितलेलं नियमात बसतं का? सरांनी आधी नियम पुन्हा वाचून बघितले. मग म्हणाले, "तिकडचे शेजारी देतेत का न्हाई, मला माहीत न्हाई. पण तू मागायची सवय ठेव. मागायची लाज वाटली की माणूस उपाशी ऱ्हातं." तिनं वाटी नेली, मीठ मागितलं. मावशींनी मिठासोबत वरणही दिलं, आणि तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का तेही बघून घेतलं.

*

चार्ट पेपरवरचा सगळ्यात कडक नियम डब्याचा होता.

आमच्याकडं लेकरं जालन्याला शिकायला राहिली की त्यांचे डबे गावातून सकाळच्या गाडीनं जातात. आई स्टँडवर येते, ड्रायव्हरच्या बाजूला डबा ठेवते, नाव सांगते. तिकडं लेकरू स्टँडवर येऊन घेऊन जातं. डबा चुकल्याचं मी आजवर ऐकलं नाही. पण जर्मनीला कुठली गाडी जाते! म्हणून तालमीत डबा बंद.

तीन दिवस मी कळ काढली. चौथ्या दिवशी पहाटे उठून मेथीचे धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, आणि कंडक्टर पवारांच्या हातात डबा देऊन म्हटलं, "खरातांना सांगू नका." आता डबे ठेवतात ते खरातांच्याच पायाशी, त्यांना कसं दिसणार नाही? दिसलं, पण काही बोलले नाहीत. मला वाटलं, चला, बापाचं काळीज आहे.

संध्याकाळी घरी आले, डबा ओट्यावर ठेवला. जसाच्या तसा भरलेला! म्हणाले, "नियमात न्हाई." एवढंच. माझा असा भडका उडाला! म्हटलं, "बाप आहात का डेपो मॅनेजर?" ते हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये हे सांगत होते, डोळ्याला पदर लावून. शेख मॅडम खाली बघायला लागल्या. मी विचारलं, "काय हो?" तर म्हणाल्या, "मेरी सेवय्या भी वापस आई." तेवढ्यात जाधव सर खोकले. नियम लिहिणारा माणूस! त्यांच्याकडचा पुरणपोळीचा डबाही परत आला होता. दाराशी उभ्या कौसाबाई म्हणाल्या, "अन् माझा? माझा बी आला की!"

त्या आठवड्यात आम्ही मधल्या सुट्टीत एकमेकांचे परत आलेले डबे खाल्ले.

पण किस्सा इथं संपत नाही. दहाव्या दिवशी फोनवर प्रज्ञा म्हणाली, "आई, एक सांगू? बाबांना बोलू नको. माझ्या खिडकीसमोर चहाची टपरी आहे. बाबा रोज सकाळी गाडी लावली की तिथं येतात, चहा घेतात, वर बघत बसतात, अन् जातात. वर येत न्हाईत. हाकही मारत न्हाईत."

खरातांचा चहा पित्तामुळं कितीतरी वर्षं बंद आहे. "मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"मी काय करणार? भेटायचं न्हाई असा नियम आहे. मी त्याच टायमाला गॅलरीत कपडे वाळत घालते."

"रोज?"

"रोज. धुतलेले नसले तरी!"

*

बॅगेचाही एक आहे, तो लहानच आहे.

निघणाऱ्या माणसाला भेटायला आमच्याकडं रिकाम्या हातानं कुणी येत नाही. कुरडया, पापड, तीळ, कारळाची चटणी, एकीनं तर चुलीवर भाजलेल्या ज्वारीच्या लाह्या! विमानाला तेवीस किलो चालतात. घरचा काटा विश्वासाचा नाही, म्हणून आम्ही बॅग आडत दुकानाच्या मोठ्या काट्यावर नेली. हमालानं सवयीनं पोत्याला मारायचा लोखंडी आकडा उचलला. मी ओरडले, "अहो थांबा, नवी बॅग आहे!" वाचली बिचारी. त्यानं बॅग काट्यावर टाकली, एक डोळा बारीक केला आणि ओरडला, "तेवीस बराबर!"

आम्ही खूश. बॅग उतरवून निघणार, तेवढ्यात जाधव सर थबकले. "ए बाबा, बारदाना वजा केला का?"

"केला की! रिकाम्या पोत्याचं वजन कोण धरतं?"

"किती केला?"

"थैली जरा भारीतली दिसली. चार किलो कापले."

म्हणजे सत्तावीस! विमानवाले बारदाना कापत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? प्रज्ञानं तिथंच, कापसाच्या आणि तुरीच्या पोत्यांमध्ये बॅग उघडली. चार किलो बाहेर काढले. तिची पुस्तकं, दुसरे बूट, जाड टॉवेल. लोकांनी दिलेली एक पुडी हलवली नाही. मी चिडले. "अगं, चटण्या काढ ना! पुस्तकं काय काढतेस, शिकायला चाललीस ना?"

म्हणाली, "पुस्तकं तिकडं मिळतील आई." मी चेन लावली.

*

हा पुढचा ती गेल्यानंतरचा आहे. पण आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरा सांगायचा आहे.

रोज संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल येतो. हिवाळ्यात मला ताप आला, चांगलाच. तोंड सुजलेलं, केस विस्कटलेले. तिनं बघितलं तर तिकडं जीव टांगणीला लागेल, म्हणून मी कॅमेरा बंद ठेवला. म्हटलं, "आज नेट स्लो आहे गं."

ती म्हणाली, "हो ना आई, माझ्याकडं पण स्लो आहे आज."

असं चार दिवस. दोन्हीकडून नुसता आवाज. जेवलीस का, जेवले, थंडी आहे का, आहे. पाचव्या दिवशी मला बरं वाटलं, मी वेणी घातली, पावडर लावली, कॅमेरा सुरू केला. तिनंही केला. बघते तर पोरगी निम्मी झालेली, नाक लाल, गळ्याला मफलर!

मी म्हटलं, "काय गं, तुझ्याकडं वायफाय आहे ना?"

ती म्हणाली, "अन् आपल्या घरामागंच टॉवर आहे ना आई?"

हसता हसता दोघींनाही रडू फुटलं. खरात शेजारी बसले होते. त्यांनी फोन स्वतःकडं ओढला आणि विचारलं, "गोळी घेतली का?" आम्ही दोघींनी एकदमच "हो" म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला तिची लई आठवण येते. वर्गात कुणी खिडकीकडं बघत बसलं की मी आता रागवत नाही. पूर्वी खडू मारायचे.

*

आता शेवटचा.

जायचा दिवस ठरला. जालन्याहून दुपारच्या रेल्वेनं मुंबई, माझा भाऊ सोबत, आणि मुंबईहून विमान. खरातांनी रजा टाकली नाही. विचारलं तर म्हणाले, "गाडी आहे माझ्याकडं." स्टाफरूम पेटली! जाधव सर म्हणाले, "लेक सातासमुद्रापार निघाली अन् बाप ड्यूटीवर?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि 'जा' तर त्यांनी अजूनही म्हटलेलं नव्हतं.

मार्ग प्रज्ञानंच काढला. "बाबांची सकाळची गाडी जालन्यालाच जाती ना? मंग आपण त्याच गाडीनं जाऊ."

सकाळी आम्ही बुद्धवंदना घेतली आणि स्टँडवर आलो. जाधव सर, शेख मॅडम, कौसाबाई, सगळे जालन्यापर्यंत पोचवायला! प्रज्ञा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसली, मी तिच्याजवळ. खरातांनी एकदा आरशात पाहिलं आणि गाडी काढली.

आता हे सांगायला पाहिजे की गाडीच्या बाबतीत खरातांसारखा कडू माणूस सबंध तालुक्यात नाही. वेळ म्हणजे वेळ. पळत येणाऱ्यासाठी थांबत नाहीत. एकदा मी, सख्खी बायको, फाट्यावर भाजी घेता घेता अर्धा मिनिट उशिरा आले, तर माझ्या डोळ्यादेखत गाडी नेली! त्यावरून गावात त्यांना शिव्या पडतात, त्यांना त्याचं काही नाही. थांब्यावर कुणी हात केला नाही तर ते ब्रेकला पायही लावत नाहीत.

परतूर सोडलं. पहिला थांबा आला. लिंबाखाली चिटपाखरू नव्हतं. खरातांनी गाडी थांबवली.

पवार दारातून डोकावले. कुणी नाही. त्यांनी दोरी दोनदा ओढली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गाडी निघाली.

पुढचा थांबा. तिथंही कुणी नव्हतं. पुन्हा थांबवली. वाटूर फाट्याला माणसं चढली, तिथं थांबणं बराबर होतं. पण त्याच्या पुढच्या थांब्यावर पुन्हा कुणी नाही, आणि पुन्हा गाडी उभी. मागून एक म्हातारे बाबा ओरडले, "ओ ड्रायव्हर, कुणी दिसंना, तर कामून थांबून राह्यले? मला दवाखान्यात जायचंय!"

खरात समोर बघत बसले. शेख मॅडम उठल्या, मागं गेल्या, त्या बाबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. बाबांनी पुढं आमच्या सीटकडं पाहिलं, आमच्या नव्या बॅगेकडं पाहिलं. मग शेजारच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या शेजारच्याला. पुढच्या रिकाम्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा सबंध गाडीत कुणी ब्र काढला नाही. तेच बाबा म्हणाले, "थांबू द्या. आपल्याला कुठं जल्दी आहे!"

असे किती थांबे झाले, मी मोजले नाहीत. जाधव सर घड्याळ बघायचे आणि मनगट खाली घ्यायचे. ज्या थांब्यांना मी इतक्या वर्षांत थांबे म्हणून ओळखत नव्हते, तिथंही आम्ही उभे राहिलो. प्रज्ञा खिडकीतून बाहेर बघत होती, तिचा हात माझ्या हातात होता आणि गार पडला होता.

जालना आलं. शेवटचा थांबा, त्याच्यापुढं सरळ स्टँड. इथं कुणी चढत नाही आणि उतरतही नाही. गाडी थांबली. इंजिन चालू. खरातांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर समोर. आम्ही पवारांच्या घंटीची वाट बघत होतो. पवार तिकिटाचं मशीन हातात धरून दाराबाहेर तोंड करून उभे होते. त्यांनी दोरीला हात लावला नाही. एक मिनिट गेलं, मग दुसरं. मागं एक बाई नाक पुसत होती, तेवढाच आवाज.

प्रज्ञानं माझ्या हातातून हात सोडवून घेतला. सीटवरून उठली. टाचा उंच करून डोक्यावरच्या दोरीला हात घातला आणि दोनदा ओढली.

खरातांनी आरशात पाहिलं. मग गेअर टाकला.